चार खोल्यांचं गेस्ट हाऊस

नंदकुमार बँकेतून रिटायर झाले आणि वैजयंतीची दुपार संपली. वाशीच्या त्या फ्लॅटमध्ये ते सकाळपासून सोफ्यावर असायचे. कुणाचा फोन होता, काय म्हणत होती, भाजीत आज गूळ घातलास का, खाली एवढा वेळ का लागला, सगळं विचारायचे. माणूस वाईट नव्हता. पण तिला घरात हवा पुरेनाशी झाली.

मग भांडी घासता घासता ती गुहागरला जाऊ लागली. समोरच्या बिल्डिंगचे पाइप पुसट व्हायचे आणि तिचं गेस्ट हाऊस दिसायचं. चार खोल्या, पुढे पडवी, सुरूच्या झाडांमागे समुद्र. संध्याकाळी ती पडवीत एकटी बसायची. तिथे तिला कुणी काही विचारत नसे.

एकदा दातांच्या दवाखान्यात शेजारी बसलेल्या बाईने सहज विचारलं, "तुम्ही इथल्याच का?"

"नाही, गुहागरची. गेस्ट हाऊस आहे माझं," वैजयंती बोलून गेली. मग तिला थांबताच येईना. पडद्यांचे रंग, सकाळच्या आंबोळ्या, सगळं सांगितलं. सोनल नावाच्या त्या बाईने खुशीत नंबर मागितला. खोटा नंबर वैजयंतीला ऐनवेळी सुचला नाही.

त्याच आठवड्यात फोन वाजला तेव्हा तिचे हात कणकेत होते. नंदकुमारांनी नेहमीसारखा स्पीकर लावला.

"वैजयंतीताई, डिसेंबरात दोन खोल्या मिळतील का? समुद्राकडच्या?"

नंदकुमार तिच्याकडे बघत राहिले.

"राँग नंबर," वैजयंती म्हणाली.

"अहो, मी सोनल. दवाखान्यात नाही का..."

"राँग नंबर आहे." तिने पिठाच्या बोटानेच फोन बंद केला.

नंदकुमारांनी सगळं खोदून खोदून काढून घेतलं. रागावले नाहीत. पोट धरून हसले, आणि संध्याकाळी सोसायटीच्या बाकावर सगळ्यांना सांगून आले. तेव्हापासून पानावर बसताना विचारायचे, "काय मालकीणबाई, रूम आहे का रिकामी?" लिफ्टमध्ये भेटणाऱ्या बायकाही विचारायच्या. वैजयंती हसायची. दुसरं काय करणार?

एका दुपारी नंदकुमारांचा सोफ्यावरच डोळा लागला. तिने भांड्यांवर हळूच नळ सोडला आणि ती गुहागरला निघाली. सुरू दिसले, पडवी दिसली. पडवीत खुर्ची टाकून नंदकुमार बसले होते.

"कुठे होतीस?" त्यांनी विचारलं. "चहा टाक जरा."