स्लो चार्जरची कैफियत

मी भिंतीवरचा स्लो चार्जर बोलतोय. ‘स्लो’ हे नाव मी घेतलेलं नाही, ते तुम्ही ठेवलंत, आणि तेही नाक मुरडून. खरं तर मला चार्जर म्हणणंही चूकच आहे. बॅटरी भरणारा खरा चार्जर गाडीच्या पोटात असतो. मी वीज सोडतो, थांबवतो आणि काही बिनसलं तर तोडतो. पण एवढं ऐकून घ्यायला वेळ कुणाला आहे? गाडी सावकाश भरली की बोट माझ्याकडेच.

माझा जन्म कारखान्यातला. एका मुलीनं माझ्या पोटात तारा जोडल्या, एका माणसानं जांभई देत शिक्का मारला आणि माझी कसून तपासणी झाली असं ठरलं. केबलच्या टोकाला मला सात भोकांचा गोल प्लग मिळाला. गाड्यांच्या प्लगचे किती प्रकार आहेत, हे मला तिथंच कळलं. एका शहाण्यानं गोल केला, दुसऱ्यानं चपटा, तिसऱ्यानं गोलाच्या खाली आणखी दोन जाड पिना चिकटवल्या. प्रत्येकाला आपलाच खरा वाटला. हीच माणसं पुन्हा मिटिंगा भरवून एकमेकांना एकीचं महत्त्व सांगतात.

मला लावलं हमरस्त्यावरच्या एका हॉटेलच्या आवारात, तिथल्या एकुलत्या एका झाडाखाली. शेजारी माझ्या दुप्पट उंचीचा फास्ट चार्जर उभा केला. तो अर्ध्या तासात गाडी भरायचा आणि त्याचे पंखे असे घोंघावायचे की बाजूला बोलणं मुश्कील. लोक त्याच्यासोबत फोटो काढायचे. माझ्या डोक्यावर चहाचे कप ठेवायचे. रस्त्यावर सगळ्यांना घाई असते, तिथं माझ्यासारख्याला कशाला लावावं? पण मालकांना कुणीतरी सांगितलं होतं की दोन प्रकार असले की बरं दिसतं.

माझं खरं गिऱ्हाईक एकच. तो चष्म्याच्या दुकानात काचा घासणारा कारागीर. लोकांना धूसर दिसू नये म्हणून दिवसभर राबणारा हा गृहस्थ जुनी गाडी घेताना मात्र तिचा रंग बघून भुलला. चार्जिंगचं तोंड त्यानं बघितलंच नाही. त्या गाडीला फक्त माझ्यासारखा गोल प्लग चालायचा. पहिल्या दिवशी तो फास्टवाल्याचा प्लग घेऊन पाऊण तास झटला. “वरचं तर बसतंय,” असं पुटपुटत होता. वरचं बसत होतं हो, पण खालच्या दोन पिना शिरायच्या कुठे? शेवटी घाम पुसत माझ्याकडे आला.

दर रविवारी तो यायचा. नवराबायकोचं फाटलं होतं. मुलगी आईकडे, दुसऱ्या गावात. रविवारचे पाच तास बापाचे, असं ठरलेलं. घरच्या साध्या सॉकेटवर रात्रभर भरलेली गाडी तिथपर्यंत कशीबशी पोचली असती, पण परत यायचं कसं? त्या गावात त्याच्या गाडीला जुळेल असा चार्जर नव्हता, आणि साध्या सॉकेटवर पाच तासांत भरणार ते कितीसं? म्हणून जाताना दोन तास माझ्यापाशी, येताना दोन तास माझ्यापाशी. मुलीला तो ठमाबाई म्हणायचा. तासभर आधीच फोन लावून ठेवायचा, “ठमाबाई, निघालोच बघ.” निघाला कुठला, माझ्या केबलला बांधलेला असायचा.

उशीर व्हायचाच. शेवटी मुलीच्या आईनं बजावलं. फोन मोठ्यानं चालू होता, मी सगळं ऐकलं. “ती बूट घालून फाटकापाशी उभी राहते. जेवत नाही, बसत नाही. मला ते बघवत नाही. पुन्हा उशीर झाला तर महिन्यातून एकदाच भेटायचं. वकिलांशी मी बोलून ठेवलंय.” तो नुसता “हो, हो” म्हणत राहिला. दुसरं करणार काय?

आणि पुढच्याच रविवारी तो आला तेव्हा माझ्या केबलला एक भलीमोठी गाडी लागलेली होती. फास्टवाला मोकळा उभा. त्या गाडीला तो अगदी बरोबर जुळत होता. पण तिथं ऊन होतं! आतली सीट तापू नये म्हणून साहेबांनी गाडी झाडाखाली घातली, आता लावलीच आहे तर म्हणून माझा प्लग खुपसला आणि कुटुंबासकट जेवायला गेले. गाडीनं प्लग आतून कुलूपबंद केलेला. मी वीज तोडली असती तरी तो सुटला नसता.

चष्मेवाला आत जाऊन साहेबांना घेऊन आला. साहेबांच्या हातात हात पुसायचा कागद होता.

“माझी गाडी फक्त याच्यावरच चालते हो. तुमची तिकडे लवकर भरेल,” तो अजिजीनं म्हणाला.

“लागलंय ना चार्जिंगला? राहू द्या थोडा वेळ. मुलं जेवतायत.”

“माझी मुलगी वाट बघतेय.”

“मग गाडी बघून घ्यायची होती,” असं म्हणून साहेब परत आत गेले.

बोलणं खरंच होतं, म्हणून तर ते जास्त झोंबलं. मालकांनीही हात झटकले. “मोठी पार्टी आहे, मी कसं उठवू?” म्हणाले. मग चष्मेवाल्यानं फोन लावला आणि मुलीच्या आईला सांगितलं की हमरस्त्यावरच्या हॉटेलात चार्जर अडकलाय. “दर वेळी काहीतरी असतंच तुझं,” एवढं बोलून तिनं फोन ठेवला. तो माझ्या शेजारी दगडावर बसला, तोंड फिरवून. मोठा माणूस रडताना तोंड का फिरवतो, कोण जाणे. सगळ्या आवाराला दिसत होतंच.

सावली पार कलली. साहेबांचं जेवण, मग चहा, मग गप्पा चाललेल्या. तेवढ्यात एक पेट्रोलची गाडी आत शिरली आणि ठमाबाई उडी मारून उतरली. मागून तिची आई. खरंखोटं करायला आली होती, हे तिच्या चेहऱ्यावरच लिहिलेलं. तिनं मोकळा फास्टवाला पाहिला, माझ्या केबलला लागलेली मोठी गाडी पाहिली, दगडावरचा नवरा पाहिला. ठमाबाई एव्हाना त्याच्या गळ्यात पडली होती.

त्याच वेळी साहेब बाहेर आले. गाडीचा आकडा बघून मालकांवरच उखडले, “इतका वेळ लावून एवढंच भरलं? कसला डबा लावलाय हा?”

“उन्हाची भीती नसती तर तिकडे केव्हाच भरली असती,” ठमाबाईची आई म्हणाली. साहेबांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं आणि गाडी काढली.

मालक वैतागले. “एकाला हा सावकाश म्हणून नको, दुसऱ्याला मिळत नाही म्हणून रडं. काढूनच टाकतो भंगारात.”

चष्मेवाल्याचा चेहरा पांढराफटक पडला. मी गेलो की त्याचे रविवारही गेले. ठमाबाईची आई मात्र माझ्याकडे टक लावून बघत होती.

“काढणारच असाल तर आम्हाला द्या,” ती म्हणाली. मग नवऱ्याकडे वळली. “तुझी गाडी पाच तास माझ्या दाराशी नुसतीच उभी असते ना रे?”

“हो.”

“मग तिथं का नाही भरायची?”

बघा! सावकाश भरणारा डबा माणूस जिथं थांबतो तिथं लावावा, हे या दोघांना इतक्या दिवसांत सुचलं नव्हतं. भांडायला मात्र सगळे मुद्दे सुचायचे.

आता मी तिच्या घराच्या बाहेरच्या भिंतीवर आहे. तो वाटेत कुठेही न थांबता थेट येतो. बसवणाऱ्या इलेक्ट्रिशियननं माझ्या बाजूचं बटण फिरवून दाखवलं होतं. “घरात इस्त्री, गीझर चालू असला तर वीज कमी करायची. गाडी मात्र मग फार हळू भरते,” तो म्हणाला. मोठ्यांनी माना डोलावल्या. नीट ऐकलं ते फक्त ठमाबाईनं.

दुसऱ्या रविवारी ती स्टूल घेऊन आली आणि तिनं बटण पार खाली आणून ठेवलं. दुपारी तिची आई बाहेर आली. तिनं आकडा पाहिला, बटणावरची धूळ बोटानं पुसली आणि ते तसंच ठेवून आत गेली.

तुम्हाला माझी एकच विनंती आहे. या घराला कुणी फास्ट चार्जर सुचवू नका. तुमची अक्कल तुमच्यापाशीच ठेवा.

काल रविवारी ठरलेले पाच तास संपले तेव्हा तो किल्ली घेऊन बाहेर आला. माझा दिवा अजून लुकलुकत होता. तो वाकला, बटणावरचा आकडा त्यानं नीट वाचला आणि सरळ झाला.

“भरली का?” आतून ठमाबाईच्या आईनं विचारलं.

“नाही अजून. स्लोच आहे हा,” तो म्हणाला, आणि चपला काढून परत आत गेला.