अल्सीदचा वाल्ट्झ

आमच्या बायूकाठच्या, म्हणजे संथ दलदली ओढ्याकाठच्या, गावात कुणाला चामखीळ झाली, ऊन लागलं, पोराचे दात अडले की माणसं माझ्याकडे येतात. मी प्रार्थना पुटपुटते, हात फिरवते. शाळा तिसरीपर्यंत, पण हे आजोबांनी शिकवलं. नियम दोनच. दुखणं ज्याचं त्यानं तोंडानं सांगायचं. आणि स्वतःवर स्वतः उपचार करायचा नाही. दुसऱ्या नियमाचा जाच कधी होईल असं वाटलं नव्हतं.

दर शनिवारी सकाळी गावच्या हॉलमध्ये नाचासाठी अकॉर्डियन वाजतो. आमच्यातला अल्सीद जोडीनं नाचायच्या वाल्ट्झला हात पुढे करतो. चौऱ्याहत्तरचा आहे, पाय मात्र विशीतले. एका शनिवारी नाच संपल्यावर कॉफीला घरी आला आणि जेवणवेळेपर्यंत थांबला. बस्स, इतकंच सांगते.

नातींचे कान मी याच विषयावर किटवलेत. 'काळजी घ्या गं, पुरुषाची जात विसरभोळी.' स्वतःची वेळ आली तेव्हा म्हटलं, एकाहत्तराव्या वर्षी कसली काळजी? पोर थोडंच होणार आहे.

दोन आठवड्यांनी बुडां, म्हणजे आमचं भाताचं सॉसेज, सोलताना शेजारीण व्हर्ना म्हणाली, "लर्लीन नाचायला का येत नाही, माहितेय ओडील? तिला खालचा आजार झाला. डॉक्टरनं सांगितलं, तुझ्या माणसाला कळव. ही लाजेनं गप्प."

"कोण तिचा माणूस?"

"अल्सीद. आणखी कोण?"

लर्लीनला मी मनात अशा शिव्या घातल्या की तिच्या सात पिढ्या शिंकल्या असतील. मग आरसा, चष्मा आणि टॉर्च घेऊन न्हाणीघरात बसले. दिसलं काहीच नाही, कंबर मात्र धरली.

गावातल्या दवाखान्यात भाचेसून बसते, म्हणून तासभर गाडी हाकत लाफायेटला गेले. नर्स पोरगेला, कानात बाळी.

"काय होतंय, आजी?"

"गुडघा."

त्यानं दोन्ही गुडघे मन लावून दाबले. मी दाबू दिले. लोकांना चाळीस वर्षं सांगतेय, नाव घेतल्याशिवाय उपचार नाही, आणि मी इथे गुडघे तपासून घेतेय. शेवटी भिंतीकडे बघत म्हटलं, "नाचणाऱ्या एका म्हाताऱ्याबरोबर झोपले. काही न लावता."

"हल्ली किती जोडीदार?"

"हल्ली म्हणजे? जन्मात दोन. एक मेला."

तो हसला नाही, याचं बरं वाटलं. "लक्षणं काही?"

"भीती."

लघवी घेतली, रक्त घेतलं. चार दिवसांनी फोन आला, क्लॅमिडिया. नाव एखाद्या शिष्ट चुलतबहिणीसारखं. आठवडाभर गोळ्या घेतल्या की जातं. रक्तात काही निघालं नाही, तरी ते पुन्हा तपासायचं. "आणि त्यांनाही सांगा आजी. तेही औषध घेऊ देत, नाहीतर परत येईल."

मी फोन ठेवला. म्हटलं, न सांगता नुसती नाचायची थांबले तर? लगेच लर्लीन आठवली.

शनिवारी अल्सीदनं हात पुढे केला. मी तो धरून त्याला बाहेर पार्किंगमध्ये नेलं आणि माझं, लर्लीनचं, सगळं सांगितलं.

"मी ठणठणीत आहे, शेर," तो म्हणाला. आमच्याकडच्या फ्रेंचात शेर म्हणजे लाडके.

"मीपण ठणठणीतच होते."

त्यानं टोपी काढली, घातली. "मग तूच मंतर की मला. तुझा हात चांगला आहे."

"याला माझ्याकडे मंतर नाही. बस गाडीत, लाफायेटला जाऊ."

चार मैल तो टोपी हातात फिरवत बसला. मग हळूच म्हणाला, "लर्लीनला तर ठाऊकच आहे म्हणतेस. बाकीच्यांना कसं सांगू?"

मी आरशात स्वतःकडे पाहिलं. व्हर्नाकडून कळल्यापासून मी लिपस्टिक लावून फिरत होते, आता लर्लीन बाजूला झाली म्हणजे त्याची मी एकटीच, या समजात.

"तुला सांगितलं मी, तसंच," मी म्हटलं. "नावं घे."

तो बोटांवर मोजायला लागला. एका हाताची संपली, त्यानं दुसरा हात वर केला, आणि मी गाडीचा वेग वाढवला.