हसायला मनाई

“खोकायचं नाही, शिंकायचं नाही, मान हलवायची नाही, कुशीवर वळायचं नाही,” मुंबईहून आलेल्या डॉक्टरांनी भराभर सांगून टाकलं. मग सुकलालच्या उशाशी बसलेल्या धनुबाईकडे वळून ते म्हणाले, “आणि हसायचं तर अजिबात नाही. बाई, हे त्यांना नाही, तुम्हाला सांगतोय.”

धनुबाईने पदर पुढे ओढला आणि मान हलवली. डॉक्टरांनी आपल्यालाच बरं कसं हेरलं, हे विचारायची काही सोय नव्हती. आदल्या सकाळी धर्मशाळेच्या ओट्यावर नावं लिहून घेणाऱ्या कंपाउंडरने सुकलालचं वय विचारलं, तेव्हा सुकलालने सवयीप्रमाणे तिच्याकडे बोट केलं होतं आणि तीही सवयीप्रमाणे बोलून गेली होती, “अक्कलनं लिखशात तं बारा, हाडस्नं लिखशात तं साठ.” रांगेतली सगळी आंधळी, अर्धआंधळी माणसं खो खो हसली. सगळ्यांत मोठ्याने हसला तो सुकलाल. त्या वेळी डॉक्टर आतल्या दारात उभे होते म्हणे.

प्रकाशा गावात या जोडप्याचं बोलणं ऐकायला लोक वाट वाकडी करून त्यांच्या केळीच्या मळ्यावरून जात. नवरा-बायकोने चारचौघांत एकमेकांशी बोलू नये, बोलायची वेळ आलीच तर भिंतीकडे तोंड करून बोलावं, असा तो काळ. धनुबाईनेही उभ्या जन्मात नवऱ्याचं नाव घेतलं नव्हतं. एकुलत्या एका लेकीवरून ती त्याला ‘रुक्मीना बाप’ म्हणायची. पण नाव न घेता माणसाची जेवढी म्हणून थट्टा करता येते, तेवढी तिने करून घेतली होती. एकदा सुकलालने सारंगखेड्याच्या बाजारातून घोडी आणली, ती नेमकी पाण्याला भिणारी निघाली. तापीकाठचं गाव आणि पाण्याला भिणारी घोडी. लोक हसायच्या आधीच धनुबाईने सांगून टाकलं, की हिवाळ्यात पाण्याला भिणारं एक घरात होतंच, आता जोडी जमली. घोडी केव्हाच विकली गेली, पण ही गोष्ट सुकलाल स्वतःच लोकांना थांबवून थांबवून सांगायचा. बायकोने आपली फजिती करावी आणि आपण ती गावभर वाटावी, यात त्याला कोण अभिमान. तिने एक शब्द टाकायचा अवकाश, आधी त्याचं पोट हलायचं, मग खांदे, मग डोळ्यांतून पाणी.

आता त्या डोळ्यांतला एकच उरला होता. डावा महाशिवरात्रीच्या जत्रेत आलेल्या एका फिरत्या वैदूने घालवला. त्याने सुई घालून मोतीबिंदू आत ढकलला. सुकलालला काही दिवस लख्ख दिसलं, त्याने गावातल्या घराघरात जाऊन सगळ्यांची तोंडं पाहून घेतली, आणि मग डोळा पिकला आणि गेला. पाठोपाठ उजव्यावरही पांढरं धरू लागलं. लोकांना तो चालीवरून ओळखू लागला, मग आवाजावरून. शेवटी शेवटी तर केळीच्या घडाला हात लावून तो पिकला का विचारायचा. महाराष्ट्र झाला त्याच्या दुसऱ्या वर्षी नदीकाठच्या धर्मशाळेत डोळ्यांचं शिबिर लागलं, तेव्हा धनुबाईने त्याला हाताला धरून आणलं. उजवाही गेला तर पुढे काय, हा विचार तिने कोणाजवळ बोलून दाखवला नव्हता. लेक ब्राह्मणपुरीला नांदत होती. घरात दोघंच. आपण आधी गेलो तर याला पाण्याचा तांब्या कोण देईल, या एका विचाराने ती बोलता बोलता मध्येच थांबायची, आणि सुकलालला वाटायचं, ही नवी थट्टा जुळवतेय.

डोळ्याच्या कडेला चीर दिली आहे आणि तिला टाका घातलेला नाही, असं डॉक्टरांनी तिला समजावून सांगितलं. ती आपली आपण सांधेपर्यंत आठवडाभर माणसाने मढ्यासारखं पडून राहायचं. पोटाला हिसका बसला, की तो थेट डोळ्यात जातो. सुकलालच्या दोन्ही डोळ्यांवर पट्टी होती, डोक्याच्या दोन्ही बाजूंना तापीच्या वाळूने भरलेल्या पिशव्या होत्या. चावायचीही मनाई, म्हणून पातळ खिचडी आणि लापशी. गवतावर सतरंज्या टाकून अशी माणसं ओळीने निजवली होती.

धनुबाईने त्या दिवशी मनाशी ठरवून टाकलं. आपलं साधं बोलणंसुद्धा याला गुदगुल्या करतं, तेव्हा बोलायचंच नाही. ‘तोंड उघडा’ असंही म्हणायचं नाही. ती चमचा ओठाला लावायची, तो तोंड उघडायचा. त्याने हाक मारली, की ती त्याच्या छातीवर हात ठेवायची. म्हणजे मी इथे आहे.

सांगायला सोपं, पण जिने चाळीस वर्षं जिभेला सुट्टी दिली नाही, तिचे हाल काय झाले असतील. शेजारच्या बिछान्यावरच्या उखा नावाच्या माणसाने खिचडीचा घास घेऊन विचारलं, हे जेवण आहे की भांडी धुतलेलं पाणी. धनुबाईच्या ओठांवर उत्तर आलं आणि तिने ते गिळलं. कंपाउंडर पट्टी बदलायला आला, त्याच्या स्वतःच्याच चष्म्याची काडी दोऱ्याने बांधलेली होती. तेही तिने गिळलं. सगळ्या गावाची निंदा पोटात साठवून ती भिंतीला टेकून बसायची. सुकलालला तिच्या जिवाची तगमग कळत होती. तो हळूच म्हणायचा, तुझ्या पोटात दुखत असेल ना. आणि तिने छातीवरचा हात दाबला, की गप्प व्हायचा.

दोन दिवस गेले, तिसरा गेला. डॉक्टर येऊन बघून गेले, मान डोलावली, असाच धीर धरा म्हणाले. तिला वाटू लागलं, जमलं. नवस-सायास न करता जमलं.

चौथ्या दिवशी दुपारी सुकलालचा चुलतभाऊ चुनीलाल भेटायला आला. धुतलेलं धोतर, काखेत छत्री आणि चेहऱ्यावर दुखवट्याला गेल्यासारखा भाव. हा चुनीलाल लग्नाच्या वेळी मुली बघायला निघाला, तेव्हा तापीच्या दोन्ही काठांची गावं त्याने पालथी घातली होती. प्रत्येक घरी शेव-चिवडा खाल्ला, प्रत्येक मुलीत खोट काढली, आणि शेवटी पाठीमागच्या गल्लीतली मुलगी करून मोकळा झाला. गावाला ते ठाऊक होतं, पण चुनीलाल मोठा गंभीर माणूस, म्हणून त्याच्या तोंडावर कोणी बोलत नसे. म्हणजे धनुबाई सोडून कोणी बोलत नसे.

तो बिछान्याशी मांडी घालून बसला. बराच वेळ त्याने संसार, देह, माया यांवर सांगितलं. मग सुकलालचा हात हातात घेऊन तो गदगदून म्हणाला, “दादा, तू जीव जाळू नको. डोया उना तं उना, नही उना तं नही. या जगमा देखासारखं शे तरी काय?”

धनुबाईने पदराचा बोळा तोंडात कोंबला. वाक्य जिभेच्या टोकावर तयार उभं होतं. इतकं तयार, की तिच्या डोळ्यांत पाणी आलं. पण ती बोलली नाही. देवाशपथ, तिने श्वाससुद्धा जोरात घेतला नाही. चुनीलाल उठला, छत्री सावरत गेला, आणि धर्मशाळेत पुन्हा सामसूम झाली.

तिने सुकलालच्या छातीवर हात ठेवला. छाती शांत होती. मग तळहाताच्या खाली, अगदी खोलवर, काहीतरी हललं. तिने हात घट्ट दाबला. पण पोट हलू लागलं होतं.

“तू बोलनी नही,” सुकलाल पुटपुटला, “पन माले आयकू उनं. मंग चुनीभाऊ, वीस गावन्या पोरी कसाले देखत फिरनात?”

अक्षर न अक्षर तेच होतं. तिने गिळलेलं वाक्य त्याच्या तोंडून तिच्याच सुरात बाहेर आलं, आणि पाठोपाठ हसू. ती दोन्ही हातांनी त्याला दाबत होती, मानेने नको नको करत होती, आणि ती मान त्याला दिसत नव्हती. खांदे हलले. उजव्या हाताची वाळूची पिशवी घसरली. मग तो एकदम थांबला आणि लहान आवाजात म्हणाला, की डोळ्यात काहीतरी गरम झालंय.

डॉक्टर धावत आले. पट्टी सोडली तेव्हा आतला कापूस लाल झाला होता. त्यांनी पुष्कळ वेळ वाकून पाहिलं, पुसलं, औषध घातलं, पुन्हा बांधलं. मग धनुबाईला बाजूला खांबापाशी बोलावून घेतलं.

“तुम्ही काय बोललात?”

“काहीच नही.”

“काहीच नाही, मग ते हसले कशाला?”

मुंबईच्या शिकल्यासवरल्या माणसाला कसं सांगायचं, की चाळीस वर्षांचं बोलणं त्या माणसाच्या आत जाऊन बसलंय. आपण तोंड शिवून घेतलं तरी ते बंद होत नाही. आपल्याला इथून हाकलून दिलं असतं तरी ते थांबलं नसतं. ती खाली बघत उभी राहिली. डॉक्टर वाईट माणूस नव्हते, रागावले नाहीत. बघू, म्हणाले. त्या ‘बघू’चा अर्थ तिला पुरता कळला, आणि त्यावर करण्यासारखं तिच्या हातात काही म्हणजे काही नव्हतं. वैदूला शिव्या तरी देता आल्या होत्या. इथे शिव्या द्यायच्या तर कोणाला, हसण्याला? ती परत येऊन बिछान्याच्या डाव्या बाजूला, भिंतीला टेकून बसली. सुकलालने विचारलं, डॉक्टर काय म्हणाले. तिने छातीवर हात ठेवला.

पट्ट्या सोडायच्या दिवशी धर्मशाळेत लग्नघरासारखी गर्दी झाली. उखाची पट्टी सुटली, तसा तो दारापाशी गेला आणि नदीकडे बघत राहिला, आणि मग बायकोला म्हणाला, की पलीकडच्या काठावर कोणाची तरी शेळी आहे. एवढ्यावर त्याची बायको रडू लागली. एकेकाला जाड भिंगाचे चष्मे चढत होते. कोणी कोणाच्या पाया पडत होतं.

सुकलालची पाळी आली. बाजूला जागा हवी म्हणून डॉक्टरांनी धनुबाईला भिंतीपासून उठवलं आणि उजवीकडे, खिडकीपाशी उभं केलं. सुकलालला बसतं केलं. पट्टी निघाली. डॉक्टरांनी चष्मा चढवला आणि बॅटरी पेटवली. ती त्यांनी उजवीकडे नेली, डावीकडे नेली, पार जवळ आणली. बुबुळ जागचं हललं नाही. त्यांनी हात पुढे करून विचारलं, किती बोटं.

“बोटं तुमनी,” सुकलाल म्हणाला, “अन् माले काय इचारतस?”

आजूबाजूची माणसं हसली. डॉक्टर हसले नाहीत. सुकलालने मग मान वळवली. ती त्याने डावीकडे वळवली, जिथे आठवडाभर धनुबाई बसली होती त्या बाजूला. तिथे आता नुसती भिंत होती. भिंतीकडे बघत तो तोंडभर हसला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, “आठ दिन तोंड बंद ऱ्हायनं, तं कशी गोरी दिखी ऱ्हायनी देखा.”

डॉक्टरांनी भिंतीकडे पाहिलं, मग खिडकीपाशी उभ्या असलेल्या धनुबाईकडे. ते काहीतरी बोलणार होते. तिने हात वर करून त्यांना थांबवलं. वाजू नयेत म्हणून मनगटावरच्या बांगड्या दुसऱ्या हाताने मुठीत धरल्या आणि अनवाणी पावलांनी ती बिछान्याला वळसा घालून गेली. भिंत आणि सुकलाल यांच्यामध्ये जेमतेम माणूस मावेल एवढी जागा होती. त्या जागेत ती शिरली, खाली बसली आणि त्याचा चेहरा जिकडे होता, तिथे तिने आपला चेहरा नेला.

इतक्या दिवसांनी त्याच्याशी बोलायचं म्हणून तिने घसा खाकरून घेतला.

“मंग देखा बठीसन,” ती म्हणाली. “माले आते कोठे जानं शे?”

सुकलालचं पोट हललं, मग खांदे हलले. तो पोट धरधरून हसत राहिला, आणि या खेपेला त्याला कोणी गप्प केलं नाही.