आधी उत्तर, मग वजन

"पप्पा, लोखंडाची घनता सात पॉइंट वनच येतेय. बुकमध्ये सात पॉइंट एट आहे. मॅडम नंबर काटतील!"

नववीतली गरिमा रडकुंडीला आली होती. टेबलावर अर्ध्या किलोचे जुने वजन, मोजपात्र आणि सांडलेले पाणी. वजन बुडवले की पाणी सत्तर मिलीलीटरने वर चढायचे. वस्तुमान भागिले आकारमान, म्हणजे पाचशेला सत्तरने भागायचे. पोरीने पुन्हा पुन्हा करून पाहिले, पण उत्तर काही पुस्तकाला जाऊन मिळेना.

"मग सत्तरच्या जागी चौसष्ट लिही ना बेटा," विहंग मोहिते मोबाइलवरची नजर न काढता म्हणाला. "उत्तर माहीत असलं की रीडिंग उलटं काढायचं. आम्ही सगळे असेच पास झालो."

खरे सांगा वाचकहो, तुम्ही असे केले नाही? उत्तर आधी आणि मोजमाप नंतर, ही आपल्या शाळा-कॉलेजांतली जुनी रीत. आधी कळस, मग पाया! आणि पाया कोण बघतो, म्हणून ती खपूनही जाते.

पण त्या घरात बघणारे माणूस होते. विहंगची बायको अपर्णा शाळेत भौतिकशास्त्र शिकवते. ती हात पुसत स्वयंपाकघरातून बाहेर आली.

"गरिमा, सत्तरच लिही. हे वजन बिडाचं आहे, म्हणजे ओतीव लोखंडाचं. बीड शुद्ध लोखंडाहून हलकंच असतं. तुझं मोजमाप बरोबर आहे. चूक पप्पांची आहे."

"एका प्रॅक्टिकलवरून एवढं काय!" विहंग हसला.

"अहो, लॅबमध्येही असंच करता का तुम्ही?"

तिने सहज विचारले होते. विहंगचे हसू मात्र मावळले. ते अपर्णाच्या नजरेतून सुटले नाही. तिने गरिमाला आत पाठवले.

विहंग बांधकामाचा माल तपासणाऱ्या एका लॅबमध्ये कामाला होता. मागच्याच आठवड्यात शहरातल्या हजीरा भागात एका बारातघराचे, म्हणजे मंगल कार्यालयाचे, छत बांधता बांधता कोसळले होते. त्याखाली हरविलास मिस्त्रीचा तरणाताठा मुलगा गेला. ठेकेदाराने सांगितले, मिस्त्रीनेच घाई करून टेकू काढले. पोलिसांनी हरविलासला उचलले. मुलाच्या चितेला अग्नी दिलेले हात बेड्यांत गेले! आता चौकशीसाठी पडलेल्या तुळयांमधून कापलेले काँक्रीटचे गोल तुकडे लॅबमध्ये आले होते. त्यांची घनता काढायचे काम विहंगचे होते. चांगल्या काँक्रीटची घनता दोन पॉइंट चारच्या आसपास भरते. बरीच कमी भरली, तर काँक्रीट आतून पोकळ राहिले आहे असे समजावे.

"मालक विक्रमसिंह काय म्हणाले ठाऊक आहे?" विहंग एकदम उसळला. "म्हणाले, 'विहंगजी, दो पॉइंट चार ही आना चाहिए. ठेकेदार अपना आदमी है.' सांग, काय करू मी? नाही म्हटलं तर या शहरात मला कोण ठेवेल?" मग त्याचा आवाज बसला. "आणि अपर्णा, बांधकाम चालू असताना त्याच बारातघराच्या काँक्रीटचे ठोकळे तपासायला माझ्याकडे आले होते. मी तोललेच नव्हते. दोन पॉइंट चार लिहून दिलं. सगळेच लिहितात गं!"

अपर्णा खुर्चीत बसली.

"तुमच्या एका आकड्यानं मुलगा गेला," ती म्हणाली, "आणि दुसऱ्या आकड्यानं तुम्ही बापाला मुलाचा खुनी ठरवणार. काँक्रीट चांगलं ठरलं, तर दोष कोणाचा उरतो, सांगा? त्या म्हाताऱ्याचाच ना? नोकरी दुसरी शोधू. नाही मिळाली तर माझ्या पगारात भागवू. पण या घरात हा आकडा लिहून येऊ नका!"

विहंग रात्रभर तळमळला. सकाळी त्याने एक तुकडा काट्यावर ठेवला. तीन किलो तीनशे ग्रॅम. व्यास दहा सेंटीमीटर, उंची वीस. आकारमान सुमारे पंधराशे सत्तर घनसेंटीमीटर. भागाकार आला दोन पॉइंट एक! त्याने बाकीचेही तोलले. एकही वर जाईना. आयुष्यात पहिल्यांदा त्याला उत्तराची भीती वाटली.

त्याने खरी घनता लिहिली आणि तशीच चौकशी अधिकाऱ्याकडे पोचवली. आधीचे ठोकळे न तोलताच पास केले होते, हाही जबाब दिला. "पागल हो गये हो क्या?" विक्रमसिंह ओरडले. त्याच दिवशी नोकरी गेली. पुढे ठेकेदारावर गुन्हा दाखल झाला, त्यात विहंगचेही नाव आले. अपर्णाने शाबासकी दिली नाही. "जेवून घ्या," एवढेच म्हणाली.

हरविलास सुटला. विहंग किला गेट भागातल्या त्याच्या घरी गेला आणि हात जोडून सगळे सांगून मोकळा झाला. हरविलास खाटेवर बसून ऐकत होता.

"साब," तो हळूच म्हणाला, "पहले तौल लेते, तो मेरो मोडा बच जातो."

मोडा म्हणजे पोर. त्याच्या आवाजात राग नव्हता. शिव्या दिल्या असत्या तर बरे झाले असते, असे विहंगला वाटले. तो तसाच मान खाली घालून परत फिरला.

बैल गेला अन् झोपा केला, म्हणतात ते हेच. विहंगला उपरती झाली. एक निरपराध बाप सुटला, हेही खरे. पण उपरतीने मेलेले पोर उठून बसत नाही! म्हणून बंधुभगिनींनो, हात जोडून सांगणे आहे: मुलाचे उत्तर चुकले तर चुकू द्या, पण त्याला खोटे मोजायला शिकवू नका. आणि जिथे तुमची सही लागते, तिथे आधी तोला, मग लिहा. कागदावरच्या आकड्याने छप्पर उभे राहत नाही, आणि छपराखाली कोणाचे तरी मूल असतेच.