आबांच्या दंडावरची चकती

मित्रांनो, मी एक जुना ग्लुकोमीटर आहे. रक्ताच्या एका थेंबावरून साखर सांगणं हे माझं काम. माझ्या काचेवर ओरखडे पडले आहेत, मागचं झाकण चिकटपट्टीने धरलेलं आहे, पण दहा मोजायच्या आत मी आकडा देतो. आणि माझा एक दोष आधीच सांगून टाकतो, नाहीतर पुढचं तुम्हाला पटायचं नाही. मी जळकुकडा आहे.

माझा जन्म दूरच्या कुठल्याशा कारखान्यात झाला. त्यातलं मला काही आठवत नाही. आठवतं ते औषधाच्या दुकानातलं कपाट आणि तिथून मला उचलणारा सुधीर. त्याला हिंजवडीत नुकतीच नोकरी लागली होती. त्याचे वडील नरहरी आबा आपल्या गावातच, उरवड्याला, एका कारखान्यात फिटर होते आणि तिथल्या आरोग्य तपासणीत त्यांना साखर निघाली होती. डॉक्टर म्हणाले, "गोळी नको. खाणं सांभाळा, चाला, आणि मधूनमधून मोजत जा." मोजायचं ते माझ्यावर. त्याला आता नऊ वर्षं झाली.

काय दिवस होते ते! आबा सकाळी हात धुऊन ओट्यावर बसायचे, बोट टोचायचे आणि देवाच्या कौलाची वाट बघावी तशी माझ्या आकड्याची वाट बघायचे. त्यांची बायको तुळजाबाई तो आकडा कॅलेंडरच्या चौकोनात लिहायची आणि म्हणायची, "लई गुणाचं हाय हे यंत्र." आबा निवृत्त झाले, भाताच्या खाचरात राबू लागले, तरी त्यांना गोळी लागली नाही. ते श्रेय चालण्याचं होतं, जिभेवर ठेवलेल्या ताब्याचं होतं. मी मात्र ते सगळं मनातल्या मनात स्वतःच्या नावावर करून टाकलं होतं.

मग श्रावणातल्या एका रविवारी सुधीर भूगावच्या आपल्या फ्लॅटवरून आला तो एक खोका घेऊन. आत कोटाच्या गुंडीएवढी पांढरी चकती होती.

"आबा, आता बोट टोचायचं नाही," तो म्हणाला. "हा सेन्सर दंडाला चिकटवला की चौदा दिवस सतत साखर मोजत राहतो. आकडा तुमच्या मोबाइलवर येणार, आणि तिथून माझ्या. मला ऑफिसमध्ये बसून दिसेल."

उजव्या हाताने खुरपं चालतं, म्हणून चकती डाव्या दंडाला लागली. तुळजाबाईने माझ्याकडे बोट दाखवून विचारलं, "मग ह्याचं काय?"

"राहू दे कुठंतरी."

कुठंतरी म्हणजे खिळे-मोळ्यांच्या डब्यात. नऊ वर्षांची चाकरी आणि शेजारी गंजलेला पाना! तिकडे बाईसाहेब आबांच्या दंडावर ऐटीत बसल्या होत्या. माझा नुसता जळफळाट झाला. नव्याचे नऊ दिवस, असं मी स्वतःला समजावलं, पण हिला तर चौदा मिळणार होते.

दुसऱ्याच दिवशी दुपारी आबांचा मोबाइल ठणाणा बोंबलायला लागला. आबा जेवून नेहमीची वामकुक्षी घेत होते. पाठोपाठ सुधीरचा फोन आला. "आई, आबांची साखर चोपन्न दाखवतेय! उठव त्यांना, आधी गूळ दे!"

तुळजाबाईने आबांना गदागदा हलवून उठवलं. "मला काय बी हुईत न्हाई," आबा कुरकुरले. पण बायको डोळ्यांत पाणी आणून उभी म्हटल्यावर त्यांनी गुळाचा खडा मोडून तोंडात टाकला. थोड्या वेळात आकडा शंभराच्या वर गेला आणि गुळाने जीव वाचवला असं सगळ्यांचं एकमत झालं. मंगळवारी तेच, बुधवारी तेच.

मला काय वाटलं असेल? आबांची काळजी वाटली, असं सांगितलं तर ते खोटं होईल. नऊ वर्षांत मला एकदाही न दिसलेली गोष्ट हिने दुसऱ्या दिवशी पकडली, याने माझ्या पोटात दुखत होतं.

बुधवारी तुळजाबाईला माझी आठवण झाली. तिने मला डब्यातून काढलं, पुसलं, पट्टी घातली. मी हरखून गेलो. आबांनी गूळ मोडलेलं तेच बोट पुढे केलं आणि मी ठणकावून आकडा दिला, दोनशे अडतीस. मोबाइल म्हणत होता अठ्ठावन्न.

"ते बिघडलंय, आई," सुधीर फोनवर म्हणाला. "फेकून दे."

माझं काही बिघडलं नव्हतं, मित्रांनो. मी मोजलं ते बरोबरच मोजलं. फक्त त्या थेंबात रक्ताबरोबर बोटाचा गूळही उतरला होता, आणि मला दोन्ही सारखेच. पण माझी बाजू कोण ऐकणार? तुळजाबाईने फेकलं नाही एवढंच, मी परत खिळ्यांच्या डब्यात गेलो.

त्या संध्याकाळी सुधीरने निर्णय सांगितला. "गोळी नाही, इंजेक्शन नाही, तरी साखर पडते म्हणजे आत काहीतरी मोठं आहे. एकटे खाचरात असताना चक्कर आली तर? रविवारी गाडी घेऊन येतो. घराला कुलूप लावा आणि दोघं भूगावला चला. खाचर वाट्याने देऊन टाकू."

आबा उठून बांधावर गेले आणि अंधार पडेपर्यंत भाताकडे बघत उभे राहिले. सुधीरच्या सातव्या मजल्यावर चार दिवस काढले की ते आजारी माणसासारखे परतायचे, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं.

शनिवारी दुपारी वाडीतली आशा कार्यकर्ती राणी गोळ्यांची पेटी घेऊन आली आणि नेमका तेव्हाच मोबाइल बोंबलला. तुळजाबाई गुळाचा डबा घेऊन धावली.

"थांबा काकू," राणी म्हणाली. "गूळ मागनं. आदी मोजू. आन् उठवू नगा त्यांना."

तिने साबणाचं पाणी आणून झोपल्या जागी आबांच्या उजव्या हाताचं बोट धुतलं, कोरडं केलं, मला डब्यातून मागून घेतलं आणि मग टोचलं. मी म्हणालो, एकशे अठ्ठेचाळीस. मोबाइल म्हणाला, छप्पन्न. राणीने दोन्ही आकड्यांकडे पाहिलं, मग आबांकडे पाहिलं. आबा डाव्या कुशीवर होते आणि चकती त्यांच्या अंगाखाली पार दबली होती.

"आबा, रोज ह्याच कुशीवर पडता व्हय?"

"जेवल्यावर डावीच कूस," आबा डोळे न उघडता म्हणाले. "आमचा बा बी तसाच निजायचा."

"मग ती चकती चेंगरतीया तुमच्याखाली. दाब पडला की आकडा खाली दावतीया. उठून बसा बगू."

आबा उठून बसले. गूळ डब्यातच राहिला. वीस मिनिटांत मोबाइलवरचा आकडा एकशे चाळीसवर आला. तुळजाबाईने गुळाचा डबा खाली ठेवला आणि ती हसायला लागली. तिच्या हसण्यात थोडं रडूही होतं.

रविवारी सुधीर गाडी घेऊन आला. आईने त्याच्यासमोर आबांना एकदा डाव्या आणि एकदा उजव्या कुशीवर निजवून दाखवलं. तो दोन्ही आकडे ताडून पाहत म्हणाला, "मी उगीच घाबरवलं तुम्हाला." कुलपाचं नाव पुन्हा निघालं नाही. माझी रवानगी डब्यातून खिडकीच्या फळीवर झाली. माझ्या मनात तर उकळ्या फुटत होत्या. बाईसाहेबांचं नाक कापलं गेलं होतं आणि मला दुसरं काही नको होतं.

पुढल्याच आठवड्यात एकादशी आली. सकाळी आबांनी ताटभर साबुदाण्याची खिचडी खाल्ली, वर गुळातल्या रताळ्याच्या फोडी आणि दोन केळी. मग बेणणीला, भातातलं तण काढायला, खाचरात उतरले. तीन तासांनी घरी आले ते ओट्यावर ताठ बसून राहिले. कपाळावर घाम होता आणि तांब्या धरलेला हात थरथरत होता. तेवढ्यात मोबाइल वाजला. एकसष्ट.

"खोटं बोलतीया मेली," तुळजाबाई म्हणाली.

"दंड चेंगरला आसंल," आबा पुटपुटले. "त्या जुन्याला इचारा."

तिने त्यांचे हात नीट धुतले आणि मला पुढे केलं. मित्रांनो, आयुष्यात पहिल्यांदा मला खोटं बोलावंसं वाटलं. एकदा शंभर म्हटलं असतं, तर चकती कायमची खोटी ठरली असती. आबांचं खाचर राहिलं असतं, माझी फळीही राहिली असती. पण थेंबापुढे आमचं काही चालत नाही. मी म्हणालो, एकोणसाठ.

तुळजाबाई आत धावली आणि साखरेचं पाणी घेऊन आली. पाव तासात आबांचा हात थांबला. तिने स्वतःच सुधीरला फोन केला.

तो आबांना घेऊन गेला तेव्हा डॉक्टरांनी सगळं विचारून घेतलं. गोळी न घेणाऱ्यांचीही साखर कधीकधी अशी उतरते, ते म्हणाले. एकदम एवढं पिठूळ आणि गोड पोटात गेलं की शरीर इन्सुलिन उशिरा सोडतं आणि मग गरजेपेक्षा जास्त सोडतं, त्यात आबांनी तीन तास कष्ट केले. थोडं थोडं खा, सोबत शेंगदाणे-दही घ्या, आणि उपवासाच्या दिवशी खाचरात एकटे जाऊ नका. रक्ताच्या आणखी काही तपासण्याही करून झाल्या, त्या ठीक निघाल्या. सुधीर एवढंच म्हणाला, "एकादशीला मी सुट्टी टाकून येत जाईन. मलाही बेणणी शिकवा." आबांनी मान फिरवून डोळे पुसले.

चौदाव्या दिवशी सुधीरने चकती सोलून काढली आणि कचऱ्याच्या डब्यात टाकली. दंडावर गोल डाग राहिला, तोही आंघोळीत गेला. मी फळीवरून बघत होतो. नऊ वर्षं जगलेला मी, चौदा दिवसांच्या जिवावर जळत होतो. एकादशीला ती खरं बोलली होती. तिला "मेली" म्हटलेलं कोणी परत घेतलं नाही.

म्हणून मित्रांनो, आकडा आवडला नाही म्हणून यंत्राला खोटं ठरवू नका आणि आवडला म्हणून डोळे मिटून खरंही मानू नका. हात धुवा, माणूस कसा निजला होता ते बघा, त्याला घाम आला आहे का ते बघा. हे खरं तर तिने सांगायचं होतं. तिला तेवढे दिवस मिळाले नाहीत, म्हणून मी सांगतो आहे.