लाइव्ह आरती

रक्षित जयलक्ष्मीपुरम भागातल्या भाड्याच्या खोलीतून रोज सकाळी चामुंडी देवीची पूजा मोबाइलवर लाइव्ह दाखवायचा. हजारो लोक बघायचे, पण एम.एस्सी.चे तास बुडायचे. शेवटी तो तीन विषयांत नापास झाला.

निकालानंतरच्या सकाळी आरती चालू असतानाच त्याच्याच खोलीत राहणारा कुशल कॅमेऱ्यासमोर आला. "भक्तहो, महाराज तीन विषयांत उडालेत. त्यांच्यासाठीही एक आरती म्हणा!"

पडद्यावर हसणाऱ्यांची झुंबड उडाली. रक्षितने हातातली पितळी घंटा कुशलच्या तोंडावर हाणली. तो पडला, तरी रक्षित त्याच्या छातीवर बसून मारतच राहिला. दात तुटले, पूजेच्या ताटात रक्त सांडलं. मोबाइल चालूच होता.

"अय्यो, मरेल रे तो!" घरमालकीण गिरिजाबाईंनी केसांना धरून रक्षितला मागे ओढलं.

कुशलचा डावा डोळा गेला. रक्षितला पोलिसांनी कोठडीत टाकलं. गावाहून, हुणसूरहून, त्याची आई कोठडीपाशी आली, तेव्हा त्याने विचारलं, "कुशल कसा आहे?"

"शुद्धीवर आलाय. आरशात बघू देत नाहीत त्याला."

रक्षित गजांवर कपाळ आपटू लागला. आईने मध्ये आपला हात घातला. तो आपटतच राहिला, आणि तिने हात काढला नाही.