मी खरे वजन सांगितले होते

मित्रांनो, त्या सकाळी चपला शिवणारा दवाखान्यात आला, तेव्हा मला वाटले, गरोदर बायकोला तपासणीला घेऊन आला आहे. पण तो एकटाच होता. त्याने तिचे कार्ड टेबलावर ठेवले.

"काल गेली," तो म्हणाला. "झटके आले. बाळही नाही राहिलं."

मी या खोलीतला जुना वजनकाटा आहे. लोखंडी, हिरवा, कडेला पोपडे आलेला. बावीस वर्षे गरोदर बायका माझ्यावर उभ्या राहत आल्या. 'हा खोटं बोलत नाही,' असे सगळ्या म्हणायच्या.

तिच्याशीही मी खोटे बोललो नाही. आठव्या महिन्यात पंधरा दिवसांत चार किलो वजन वाढले. मी ते बरोबर दाखवले. नर्सबाई खूश झाल्या आणि बरोबर आलेल्या नवऱ्याला म्हणाल्या,

"छान अंग धरलंय. काय खाऊ घालताय हो हिला?"

"मी कुठं घालतोय? ती माझं डोकंच खाते."

"ते तर रिकामं," ती म्हणाली. "त्यानं कसलं वजन वाढतंय?"

तिघेही हसले. मग ती म्हणाली, डोके फार दुखते, तोंड सुजते. "होतं असं शेवटी शेवटी," नर्सबाई म्हणाल्या.

ते अंग धरणे नव्हते, वाढलेल्या रक्तदाबाची सूज होती; त्यातूनच पुढे झटके येतात. शेजारच्या कपाटात रक्तदाब मोजायचे यंत्र आहे. त्याचा रबरी फुगा आठ महिन्यांपूर्वी फाटला. लघवी तपासायच्या पट्ट्याही तिथेच आहेत. दोन मिनिटांचे काम, पण त्या दिवशी कपाट कुणी उघडलेच नाही.

चपला शिवणाऱ्याने कार्डावर बोट ठेवले. "रक्तदाबापुढं 'ठीक' लिहिलंय. कशानं मोजलात?"

नर्सबाई खाली बघत म्हणाल्या, "यंत्र बंद आहे. तीनदा अर्ज दिला मी वर."

"मग 'बंद' लिहायचं होतं, बाई. मी तिला दुसरीकडं नेलं असतं. तिच्या चपलेचे पट्टे मी दोनदा सैल केले. सुजलेला पाय माझ्या हातात होता, आणि मी तिला चिडवत होतो."

मित्रांनो, मी आकडा सांगतो. त्याचा अर्थ लावणे माणसांचे काम आहे, आणि ते त्यांनी केले नाही याचा मला संताप येतो. तुमच्या घरी मावशी, काकू, वहिनी गरोदर असेल तर तिच्याबरोबर जा. वजन झाले की दंडाला रक्तदाबाचा पट्टा बांधायला लावा. 'ठीक' ऐकून परतू नका, आकडा विचारा.

आज सकाळपासून अकरा जणी माझ्यावर उभ्या राहिल्या. रबरी फुगा अजून आलेला नाही.